पुण्यातली जुनी टेबलं: चार दिवस आणि सोमवारची सकाळ

पुण्यात शिकून बाहेर गेलेली माणसं वीस-पंचवीस वर्षांनी परत येतात, शनिवारी रात्री आठ वाजता सहकुटुंब फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली हॉटेलसमोर उभी राहतात, पाऊण तास ताटकळतात आणि ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणत निघून जातात. शनिवारी रात्री आठला ते पूर्वीही तसं नव्हतं. कॉलेजात असताना तिथे जायची वेळच वेगळी होती: पहिला तास बुडवून सकाळी साडेआठ, नाहीतर प्रॅक्टिकल सुटल्यावर दुपारी साडेतीन. पत्ता तोच असतो, वेळ चुकते. म्हणून जुन्या खाण्याच्या जागांचा हा दौरा घड्याळ पुढे ठेवून आखला आहे.

सुरुवात गुरुवारी. कारण साधं आहे: कॅम्पातली कयानी बेकरी रविवारी बंद असते, आणि खानावळीचं खरं जेवण रविवारी दुपारीच मिळतं. मधले दोन दिवस आपोआप जागेवर पडतात. मुक्काम डेक्कन किंवा सदाशिव पेठेत. गाडी असेल तर ती मुक्कामालाच राहू द्यावी. पेठांत पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक मिसळ आणि दोन चहा होतात. मेट्रोची वनाझ–रामवाडी मार्गिका आणि सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत धावणारी भुयारी मार्गिका, एवढ्यावर चारही दिवस निभावतात. माणसं चार असावीत. दोघांत एक प्लेट मागवायची. कॉलेजात खिशामुळे हीच पद्धत होती, आता पोटामुळे आहे.

गुरुवार: पेठा

सकाळी साडेआठच्या आत नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकरांकडे पोचावं. पुणेरी मिसळीचा हा नमुना आंबट-गोड आहे. कोल्हापूरच्या कटाची अपेक्षा ठेवून येणारा इथे हिरमुसतो, आणि त्यात दोष मिसळीचा नसतो. बशीत तळाला पोहे, बटाट्याची भाजी, चिवडा, वर शेव, कांदा, कोथिंबीर, त्यावर रस्सा. सोबत पाव नव्हे, स्लाइस ब्रेड.

जास्तीचा जो रस्सा वाटीत येतो त्याला पुण्यात ‘सँपल’ म्हणतात. पहिली चूक इथेच होते: लोक सँपल एकदम सगळं ओततात. दोन मिनिटांत शेव आणि चिवडा भिजून गोळा होतो आणि उरलेली बशी लापशीसारखी खावी लागते. बरोबर रीत अशी की एका कडेने खात जायचं आणि जेवढा भाग खोदला तेवढ्यातच सँपल घालायचं. तिखटाचं प्रमाण आधीच सांगावं. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो आणि ते तेल रश्श्यावर तरंगतं, म्हणून एकाच पातेल्यातून वरचा डाव घेतला तर जहाल आणि तळाचा घेतला तर सौम्य रस्सा निघतो. ‘तर्री कमी’ एवढं म्हटलं की वाढणाऱ्याला पुरेसं कळतं. हिरव्या मिरचीच्या रश्श्याची मिसळ खायची असेल तर फडके हौदाजवळचं वैद्य उपाहारगृह. कसबा पेठ मेट्रो स्टेशन तिथून जवळ आहे. पण दोन्ही एकाच सकाळी करू नयेत, दुसरीची चव लागत नाही.

मिसळीनंतर लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे सोन्या मारुती चौकापर्यंत चालत जायचं, वीस-पंचवीस मिनिटं. दुकानांची शटर अजून वर जात असतात, त्यामुळे त्या रस्त्यावर चालता येतं हे दिवसातून एकदा तरी कळतं. चौकात आद्य अमृततुल्य आहे, १९२४ पासूनचं. पुण्यातली बहुतेक जुनी अमृततुल्यं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी चालवली, म्हणून तर पाट्यांवर अंबिका, नर्मदेश्वर अशी देवांची नावं दिसतात. अलीकडे गल्लोगल्ली ‘अमृततुल्य’ नावाच्या साखळ्या निघाल्यात, त्यांचा याच्याशी संबंध नावापुरताच.

खऱ्या अमृततुल्याची खूण म्हणजे पितळी पातेलं, समोर बसलेला माणूस आणि कापडाने गाळणं. परदेशात घरी करून पाहणाऱ्यांचं एक हमखास बिघडतं, म्हणून प्रमाण देऊन ठेवतो. दहा छोट्या कपांना ४०० मिली म्हशीचं दूध, ३०० मिली पाणी, साखर आठ-नऊ चमचे, बारीक दाण्याची चहा पावडर चार-पाच चमचे, बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं आणि चार वेलदोडे सालासकट कुटून. दूध, पाणी आणि साखर आधी एकत्र उकळायचं. चांगली उकळी आल्यावरच आलं. कच्च्या किंवा कोमट दुधात आलं पडलं तर आल्यातल्या पाचक द्रव्याने दूध फाटतं, उकळीत ते द्रव्य निकामी होतं. मग पावडर आणि वेलदोडा, आणि पळीने चहा उंच उचलून परत पातेल्यात सोडत तीन-चार मिनिटं. कापडाने गाळून, पिळून, किटलीत. हा चहा थोडाथोडा करायचा असतो. उरलेला परत उकळला की तुरटपणा उतरतो आणि मग तो साखरेने झाकावा लागतो. दुकानात चहा कडू लागला तर समजावं की आपण घाण्याच्या शेवटी आलो. पाच मिनिटं थांबून पुढच्या पातेल्यातला घ्यावा. चौघांनी ‘दोनात चार’ मागवला तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

एक ते चार झोप. चितळ्यांनी दुपारची सुट्टी सोडून बरीच वर्षं झाली, पण पेठेतल्या जुन्या उपाहारगृहांपैकी अनेकांची भट्टी अजूनही दुपारी थंड होते. केसरीवाड्याजवळच्या प्रभा विश्रांती गृहाकडे बटाटावड्यासाठी जायचं तर सकाळ किंवा संध्याकाळ धरावी, अधेमधे पाटी वाचून परत फिरणाऱ्यांची गर्दी असते.

संध्याकाळी साडेपाचला लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ मध्ये सुरू केलं आणि नाटक-सिनेमावाल्यांचा तो हक्काचा अड्डा झाला. इथे थालीपीठ मागवावं. रात्रीच्या नाटकाआधी माणसं येतात म्हणून सातनंतर जागा नसते.

तिथून तुळशीबागेत कावरे आइस्क्रीम, किंवा सदाशिव पेठेत निंबाळकर तालीम चौकात सुजाता मस्तानी. मस्तानी म्हणजे मिल्कशेक नव्हे, आणि पुण्यात तिला मोठ्याने तसं म्हणूही नये. आटवलेलं थंड दूध आणि त्याच चवीचं आइस्क्रीम एकत्र घुसळून पेल्यात, वरून आइस्क्रीमचा गोळा आणि सुकामेवा. आंब्याची घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात तीच मागवून ‘पूर्वीची चव नाही’ म्हणणं म्हणजे दोष ऋतूचा आणि बदनामी दुकानाची. चमचा आधी, स्ट्रॉ नंतर. आधी खालचं ओढलं तर गोळा बुडतो आणि सगळं सारखंच पातळ होतं.

पॉटच्या आइस्क्रीमची आठवण असेल तर तिचं रहस्य मिठात आहे. लाकडी पिंपात बर्फ आणि खडेमीठ साधारण चारास एक, मध्ये दुधाचा धातूचा डबा. मीठ बर्फ वितळवतं आणि त्या वितळण्याला लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतं, त्यामुळे तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. हात थांबला की बर्फाचे खडे होतात, आणि झाकणाच्या फटीतून खारं पाणी शिरलं की सगळा डबा फुकट. अंगणात मे महिन्यात हे फिरवलेल्या प्रत्येक घरात एक तरी खारट आइस्क्रीम झालेलं असतं.

शुक्रवार: डेक्कन आणि फर्ग्युसन रोड

सकाळी साडेसात, गुडलक चौक. कॅफे गुडलक १९३५ पासून इथे आहे. डेक्कनवरचं लकी गेलं, डेक्कनची बरीच थिएटरं गेली. लकीत बसणारे आणि गुडलकमध्ये बसणारे असे दोन पंथ होते आणि एका पंथाचं देऊळच पडलं. आता दोघांनाही इथेच यावं लागतं. आठच्या आधी टेबल लगेच मिळतं, दहानंतर दारात नाव द्यावं लागतं.

मागवायचं ते बनमस्का, चहा, आणि भूक असेल तर खिमा-पाव. इराणी चहा अमृततुल्याच्या नेमका उलट. इथे चहाचं पाणी साखर घालून वेगळं, मंद आचेवर बराच वेळ शिजत राहतं. दूध वेगळं आटतं. दोन्हींची गाठ कपात पडते. म्हणून त्याला आल्याचा झणका नसतो, तुरट-गोड जाडपणा असतो. ‘पानी कम’ म्हटलं की कडक येतो. बन गोडसर आणि मऊ, तो चहात बुडवायचा तर क्षणभरच, नाहीतर अर्धा कपाच्या तळाशी राहतो. ब्रून पावाचं कवच कडक असल्यामुळे तो जास्त वेळ टिकतो, पण मस्का मात्र चहावर पिवळे डोळे होऊन तरंगतो. ज्याला ते आवडत नाही त्याने ब्रून मागवू नये.

पूर्वी वेटर बिल लिहीत नसत, गिऱ्हाईक उठलं की लांबूनच गल्ल्याकडे आकडा ओरडून सांगत. दोन चहांवर दोन तास बसलेल्यांचा आकडा जरा जास्तच मोठ्याने ओरडला जाई.

साडेनऊला फर्ग्युसन रस्त्याने वर. कॉलेज १८८५ चं; रस्ता त्याच्या नावाने, आणि रस्त्याची भूक रूपाली आणि वैशालीच्या नावाने. दोन्ही जगन्नाथ शेट्टी यांनी नावारूपाला आणली; त्यांचं २०२१ मध्ये निधन झालं. फार जुने लोक अजून रूपालीला कॅफे मद्रास आणि वैशालीला मद्रास हेल्थ होम म्हणतात. असा म्हातारा शेजारच्या टेबलावर भेटला तर ऑर्डर त्याची ऐकून द्यावी.

सकाळी डोसा-इडली आणि फिल्टर कॉफी. एसपीडीपी मात्र दुपारी साडेतीनला. शेव-पोटॅटो-दही-पुरी हा पदार्थ वैशालीने पुण्याच्या तोंडी बसवला: फोडलेल्या कडक पुऱ्या, उकडलेला बटाटा, कांदा, गार दही, चिंचेची गोड चटणी, तिखट हिरवी चटणी आणि वरून शेवेचा जाड थर. ही प्लेट टेबलावर आल्यापासून चार-पाच मिनिटांची असते. पुरी दह्याने मऊ पडली की खेळ संपला. म्हणून सगळे बसल्याशिवाय आणि कॉफीवरचा वाद मिटल्याशिवाय ती मागवू नये, आणि फोटो काढणाऱ्याला शेवटची प्लेट द्यावी. दोघांत एक घेतल्यास पुऱ्या आधी मोजून वाटून घ्याव्यात. शनिवार-रविवार संध्याकाळ पूर्ण टाळावी. बागेतली जागा हवी असेल तर कामाच्या दिवशी तीन ते साडेचार हीच वेळ.

दोन खाण्यांच्या मधल्या वेळेत आपटे रोडवरची संतोष बेकरी. पॅटिस भट्टीतून येण्याआधीच रांग लागते आणि रांगेची लांबी हाच ताजेपणाचा दाखला. घेतलेलं पॅटिस कागदी पिशवीतच ठेवावं आणि पिशवीचं तोंड उघडं. प्लॅस्टिकमध्ये बांधून मुक्कामी नेलं की आतली वाफ पदरांत मुरते, पापुद्रे चामट होतात, आणि मग लोक म्हणतात डालडा वाढवला. पदर सुटतात ते पिठाच्या घड्यांमधल्या स्निग्धाच्या थरांमुळे. पाणी शिरलं की ते एकमेकांना चिकटणारच. गार झालेलं तव्यावर झाकण न ठेवता शेकावं, मायक्रोवेव्हमध्ये नको.

कर्वे रस्त्यावर गरवारे पुलाजवळ बिपिन स्नॅक्सची साबुदाण्याची खिचडी आहे, ती सकाळचीच. ज्यांचं कॉलेज त्या बाजूला होतं त्यांनी गुडलकऐवजी दिवस तिथे सुरू करावा. एस.पी.वाल्यांसाठी टिळक रोडवर कॉलेजसमोरचं ‘तिलक’.

संध्याकाळ कट्ट्यावर. कट्टा म्हणजे काही विकत न घेता बसता येईल अशी जागा, आणि हीच गोष्ट सगळ्यात वेगाने नाहीशी झाली. दुकानांच्या पायऱ्यांवर आता लोखंडी गज किंवा कुंड्या आहेत. गुडलक चौकातल्या कलाकार कट्ट्यावर बसता येतं, झेड पुलावर टेकता येतं. दोन्हीकडे सातच्या आधी.

शनिवार: कॅम्प

मेट्रोने रुबी हॉल स्टेशन. तिथून जहांगीर हॉस्पिटलच्या बाजूचं वोहुमन कॅफे. साडेआठला पोचलं तर बरं, कारण नंतर लोक टेबलाच्या खुर्चीमागे उभे राहून आपल्या चहाचा शेवटचा घोट मोजतात. चीज ऑम्लेट आणि बनमस्का. ऑम्लेट एकच घ्यावं दोघांत; किसलेल्या चीजचा डोंगर खाली वितळत जातो तसा तळ पाणचट होतो, म्हणून मधून न सुरू करता कडेने आत यावं.

पेठेत उपाहारगृह आणि कॅम्पात बेकरी ही वाटणी आपोआप झालेली नाही. १८१८ नंतर इथे इंग्रजांची छावणी बसली. तिच्या पाठोपाठ पारशी, इराणी, गोवेकर, बोहरी आले. पाव, बिस्किट, मांस यांचं गिऱ्हाईक इथे होतं. सदाशिव पेठेतल्या घरात अंडं शिजत नसे त्या काळात तिथल्या मुलांचं पहिलं ऑम्लेट कॅम्पात झालं. घरी सांगताना ‘लायब्ररीत होतो’.

दहाला ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी, १९५५ पासून. दुपारी एकच्या सुमारास बंद होते आणि साडेतीननंतर परत उघडते, त्यामुळे बाराला जाणं ही सर्वांत वाईट वेळ: रांग सगळ्यात मोठी आणि खिडकी बंद व्हायला आलेली. काय आणि किती किलो हे रांगेतच ठरवून ठेवावं, काउंटरवर विचार करणाऱ्याला मागची वीस माणसं मदत करतात. सुटे पैसे जवळ असावेत. श्रूझबेरी बिस्किटं सगळेच नेतात. जिंजर बिस्किट आणि मावा केक विसरू नयेत. श्रूझबेरीत लोण्याचं प्रमाण इतकं आहे की ती दाताखाली जशी विरघळते तशीच बॅगेतही चुरा होते. खोका आडवा, सगळ्यात वर, आणि त्यावर काहीही नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवली तर पुठ्ठ्यावर तुपाचा नकाशा उमटतो.

जेवण दोराबजी अँड सन्समध्ये, १८७८ चं. शनिवारी बिर्याणी घ्यावी. धानसाक हा पारशी घरात रविवारी दुपारचा पदार्थ, डाळ आणि मटण एकत्र, सोबत तपकिरी भात, आणि नंतर झोप सक्तीची. तो मंगल दिवशी करत नाहीत, कारण घरात मृत्यू झाल्यावर चौथ्या दिवशी तो शिजतो. वाढदिवसाला मागवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

मेन स्ट्रीटवर मार्झोरिनची सँडविचं आणि वरच्या मजल्याची गॅलरी अजून आहे. कॅफे नाझ नाही. इराण्यांच्या रीतीने समोसे प्लेटभर समोर ठेवत आणि उठताना उरलेले मोजून पैसे घेत. चार जणांत सात समोसे हे गणित तिथे बसलेल्यांना कायम चुकलेलं आहे. बर्गर किंग मात्र आहे, कॅम्पातलं, १९९२ पासूनचं. याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये लावलेला दावा पुण्याच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला, पुढे उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. पुणेकर कोर्टाची तारीख आणि बर्गर, दोन्ही चवीने घेतात.

रविवार: खानावळ

सकाळी फक्त चहा. टिळक रोडच्या बादशाही बोर्डिंगमध्ये साडेअकराच्या आत नाव लागलं पाहिजे.

खानावळीचं शास्त्र आताच्या थाळीवाल्यांना ठाऊक नसतं. महिन्याची कुपनं, दिवसाला दोन. न जेवलेल्या वेळेला ‘खाडा’ म्हणत, आणि तो सहसा वजा धरला जात नसे; धरला जाई तो आधी सांगून सलग काही दिवस गावाला गेलात तरच. एक दिवस सिनेमाला गेलात तर ते कुपन मेलं. पाहुणा आणला तर त्याचं वेगळं. रविवारी दुपारी ‘फीस्ट’, रात्री चूल बंद. त्यामुळे रविवारी रात्री अख्खी सदाशिव पेठ अंडाबुर्जीच्या गाड्यांवर सापडायची. आजही स्पर्धा परीक्षांची मुलं तिथेच सापडतात.

ताटाची मांडणी पाहावी. मीठ-लिंबू वर, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. पहिला वरणभात थोडाच घ्यायचा. नवखा माणूस भुकेपोटी तो दोनदा घेतो आणि गोड येईपर्यंत संपलेला असतो. पोळ्या गरम येतील तेव्हा एकेकच मागवाव्यात. मसालेभात आला की समजायचं वाढपी शेवटाकडे निघाला. ताकासाठी पोटात जागा ठेवलेली बरी. बोलणं कमी. बाहेर चाळीस माणसं उभी असताना गप्पा मारणाऱ्या टेबलाकडे वाढपी पोळ्यांची दिशा बदलतो.

दुपार आडवं होण्यात.

सोमवार: सव्वासातची गाडी

मुंबईकडे परतायचं तर डेक्कन क्वीनच. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली आणि तिची खानपानाची बोगी टेबलखुर्च्यांसह आजही तिच्याबरोबर जाते. २०२२ मध्ये नवे डबे आले तेव्हा त्या बोगीत चाळीस जणांची सोय झाली. पुण्याहून ७.१५, मुंबईला १०.२५.

जागा राखीव असली तरी सामान लावून लगेच उठावं. शिवाजीनगर मागे पडेपर्यंत टेबलं भरलेली असतात, ती पासवाल्यांनी, आणि त्यांच्या रोजच्या खुर्च्या ठरलेल्या असतात. रिकामी दिसली तरी एकदा विचारावं. चीज टोस्ट आणि ऑम्लेट एकत्र सांगावं, नाहीतर दुसरं घाटात येतं आणि खंडाळ्यापुढच्या वळणांवर चहाची बशी धरायला तिसरा हात लागतो. लोणावळ्याच्या आत खाऊन झालेलं असलं की बोगद्यांत अंधार-उजेड होत असताना हातात फक्त कप राहतो. श्रूझबेरीचा खोका तेवढा वरच्या फळीवर आडवा आहे का, हे उठण्याआधी पाहून घ्यावं.